दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे

बुलढाणा जिल्ह्यात अंगदुखीलाही हंगाम असतात. जुलैत उकिडवं बसून निंदण केलं की गुडघे धरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी केली की मान आणि खांदे भरून येतात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आली की कंबरेत उसण भरते. दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बाया सांगतात, की रात्री हाताला मुंग्या येतात आणि पहाटे बोटं मिटत नाहीत. खामगावात चांदीच्या दागिन्यांवर दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या कारागिराची मान तर बारमाही दुखते.

यातल्या बहुतेकांचा पहिला डॉक्टर मेडिकलवालाच असतो. "भाऊ, मांगच्या वेळची गोई दे, गुडघे लय दुखू राह्यले," एवढ्यावर काम भागतं. गोळी मिळते, दोन दिवस बरं वाटतं, मजुरी बुडत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच गोळी. अशी गोळी मागणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाची मजुरी सोडून तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं आणि शेवटी हातात पुन्हा एक गोळीच पडायची, हा तिचा अनुभव असतो. पण दुखणारी जागा आणि दुखण्याचं मूळ या बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. मूळ न शोधता गिळलेली गोळी या जिल्ह्यात जास्त महाग पडते. का, ते पुढे येईलच.

आधी नसांचं पाहू. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो आणि दर दोन मणक्यांच्या मधून डावी-उजवीकडे एकेक नस बाहेर पडते. मानेत सात मणके आणि नसांच्या आठ जोड्या आहेत. यातल्या खालच्या नसा खांदा, दंड, कोपर, मनगट असा प्रवास करत बोटांच्या टोकापर्यंत जातात. नळगंगेच्या कालव्यावर शेती असणाऱ्याला हे लगेच समजेल: वर कालव्याच्या तोंडाशी गाळ अडकला तर शेवटच्या चारीवरचं शेत कोरडं पडतं, आणि त्या शेतात कितीही खोदलं तरी पाणी येत नाही. नस मानेत दबली की दुखतं हातात. कंबरेत दबली की कळ पिंढरीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. तिलाच आपण सायटिका म्हणतो.

नसेचं दुखणं ओळखायला सोपं असतं. स्नायू दुखतो तेव्हा जड, ठणकल्यासारखं वाटतं आणि दाबलं की बरं वाटतं. सांधा दुखतो तेव्हा तो हलवल्यावर दुखतं, कधी सूज दिसते. नस दुखते तेव्हा आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखी कळ जाते, आणि ठरावीक पट्ट्यात बधिरपणा येतो. 'शिरेवर शीर चढली' असं आपण ज्याला म्हणतो तो बहुधा स्नायूचा गोळा असतो. तो ताणून, चोळून, शेकून जातो. नसेची आग मात्र चोळून जात नाही.

मानेपासून सुरुवात करू, कारण मानेबद्दल भीतीही फार आणि गैरसमजही फार. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान ताठ असेल तर ते वजन मणक्यांवर सरळ उतरतं. मान पुढे वाकली की मागचे स्नायू ते सतत ओढून धरतात. कापूस वेचताना, चांदीवर नक्षी करताना, आणि आता तासन्‌तास मोबाइल पाहताना नेमकं हेच होतं. त्यात डोक्यावर पंधरा-वीस लिटरचा हंडा आला की मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो. या चकत्या तिशीनंतरच हळूहळू सुकू लागतात, त्यांची उंची कमी होते, मणक्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे येतात. एक्स-रेमध्ये हेच दिसतं आणि पेशंटला सांगितलं जातं की 'मणक्यात गॅप आहे'. हे तीन शब्द ऐकून माणसं आयुष्यभर घाबरून राहतात. मला हे फार खटकतं. पन्नाशीच्या दहा निरोगी माणसांच्या मानेचे एक्स-रे काढले तर बहुतेकांत झीज दिसेल, आणि त्यातल्या अनेकांना काहीही दुखत नसेल. झीज हा वयाचा भाग आहे. उपचार करायचे ते माणसाच्या तक्रारीवर आणि तपासणीवर. नुसत्या फोटोवरून ते ठरवू नयेत.

कोणती नस दबली याचा अंदाज बोटांवरून येतो. अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर मानेतली सहावी नस, मधल्या बोटात असतील तर सातवी, करंगळीकडे असतील तर आठवी. डॉक्टर हातोडीने कोपरावर ठोकून पाहतात, मूठ आवळायला लावतात, सुई टोचून विचारतात, ते याचसाठी. पाच मिनिटांच्या या तपासणीतून जे कळतं ते पुष्कळदा हजारोंच्या स्कॅनमधूनही कळत नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी, की मानेतली नस दबून हातात कळा येणाऱ्या बहुसंख्य लोकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. पट्टा लावायचा तर थोडेच दिवस. महिनोन्‌महिने पट्टा लावून फिरणाऱ्यांचे मानेचे स्नायू दुबळे होतात आणि मग पट्टा काढला की मान सावरत नाही.

घाबरायचं ते वेगळ्याच लक्षणांना. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, चालताना पाय अडखळतात, अंधारात तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो. हा मज्जारज्जूवरचाच दाब असू शकतो. इथे दुखणं पुष्कळदा किरकोळ असतं, किंवा नसतंच, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. घरातली माणसं म्हणतात, 'वय झालं, पाय लटपटणारच.' अशा माणसाला एमआरआयसाठी पाठवायला एक आठवडाही थांबू नये. दाब वेळेत काढला तर पुढचं नुकसान थांबतं. गेलेली ताकद सगळीच परत येते असं नाही.

आणि एक विनंती सलूनमध्ये बसणाऱ्यांना. कटिंग झाली, खांद्यांची चंपी झाली, की कारागीर एका हाताने हनुवटी धरतो, दुसऱ्याने डोक्यामागे आधार देतो आणि मान झटक्यात फिरवतो. कडकन आवाज येतो, गिऱ्हाईक खूश होतं. तो आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. त्यात कोणतीही नस मोकळी होत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच घडतं. पण ज्या गोष्टीचा काडीचा उपयोग नाही तिच्यासाठी एवढा धोका घ्यायचा कशाला? चंपी जरूर करून घ्या, मान फिरवू देऊ नका.

हातातल्या सगळ्याच मुंग्या मानेतून येत नाहीत. वेचणीच्या दिवसांतल्या, रात्री झोपेतून उठवणाऱ्या, हात झटकला की कमी होणाऱ्या मुंग्या बहुधा मनगटातल्या असतात. मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. सतत बोटं वापरून त्या दोऱ्यांची आवरणं सुजली की नस आवळली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधीर होतं आणि करंगळी सुटते. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता आणि मधुमेह यांत हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली तर सुरुवातीच्या अवस्थेत पुष्कळ बायांना आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला तर मात्र नस खरोखर मरू लागली आहे असं समजावं. तिथे मनगटाचं छोटं ऑपरेशनच करावं लागतं. ते जागा बधीर करून होतं.

दोन्ही पायांच्या तळव्यांची आग, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, ही वेगळी गोष्ट. यामागे दोन कारणं फार मोठी. पहिलं मधुमेह. कित्येकांना साखर असल्याचं कळतं ते पायांची आग होऊ लागल्यावरच. दुसरं व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतच असतं. भाजी-भाकरीत ते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी आढळलं. शेगावच्या वारीच्या परंपरेत वाढलेल्या माळकरी घरांत मांस-अंडी नाहीत, आणि दूध असलं तरी ते डेअरीला जातं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीने बी-१२ आणखी उतरतं. म्हणजे साखर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे आणि आहार शाकाहारी आहे, अशा माणसाच्या पायांची आग नुसत्या साखरेवर ढकलू नये. बी-१२ ची इंजेक्शनं स्वस्त आहेत, वेळेत दिली तर नसा सावरतात.

विदर्भात नसांबद्दल लिहायचं आणि कुष्ठरोग वगळायचा, हे मला पटत नाही. अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन याच भूमीत उभं राहिलं. देशातून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याची घोषणा २००५ मध्ये झाली. तिचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. हा कातडीचा रोग वाटतो, पण त्याचा जंतू बसतो नसांत. कातडीवर बधीर चट्टा, कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागणारी जाड नस, करंगळी वाकडी होऊ लागणं, गरम तव्याचा चटका न कळणं. अशा वेळी मानेचा एमआरआय काढत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचार फुकट मिळतो, रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर संसर्ग लवकरच थांबतो.

फवारणीचाही नसांशी संबंध आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे. कमी माहिती आहे ती ही, की काही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची तीव्र विषबाधा झालेला माणूस वाचून घरी आल्यावर एक ते तीन आठवड्यांनी त्याच्या पायांत गोळे येऊन पंजे लुळे पडू शकतात. अशा वेळी डॉक्टरांना फवारणीचं सांगायलाच हवं. औषधाचा रिकामा डबा सोबत न्यावा.

आता त्या गोळीचा हिशेब. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या घाटाखालच्या भागांत तो लागतो. विहिरीचं, बोअरचं पाणी इतकं खारट की पिकालाही चालत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच प्यायलं. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या गावांत किडनीच्या रुग्णांची घरं लोक बोटांवर मोजून दाखवतात. वान धरणातून १४० गावांची पाणीपुरवठा योजना याच भागासाठी झाली.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, नायमेसुलाइड ही वेदनाशामकं एकाच कुळातली. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सूज आणि वेदना वाढवतात. ती तयार होणं ही औषधं रोखतात. पण हीच रसायनं किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या उघड्या ठेवायचं कामही करतात. शरीरात पाणी भरपूर असतं तेव्हा किडनी त्यांच्याशिवाय निभावून नेते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना, घाम गाळत, खारं पाणी नको म्हणून कमी पाणी पिऊन राबणाऱ्या माणसाची किडनी मात्र त्यांच्यावरच तगून असते. त्याच दिवशी दोन गोळ्या पोटात गेल्या की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. एकदा-दोनदा झालं तर ती सावरते. वर्षभर, रोज, त्यात बीपीच्या काही गोळ्या सोबत, असं झालं की नुकसान साठत जातं. किडनी मात्र दुखत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डायक्लोफिनॅकचा एक इतिहास आपल्या डोळ्यांसमोर घडला. लंगडणाऱ्या बैलाला, गायीला हेच इंजेक्शन देत. जनावर मेलं की गिधाडं ते खात, आणि मांसात उरलेल्या औषधाने त्यांच्या किडन्या बंद पडत. १९९० च्या दशकात गिधाडं दिसेनाशी झाली. कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही. तरी या औषधाचं किडनीशी काय नातं आहे, ते यावरून दिसतं.

म्हणून घाटाखालच्या माणसाने, आणि बीपी-शुगर असलेल्या कोणीही, दुखण्याची गोळी आठवड्याहून जास्त घ्यायची वेळ आली तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. या तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. किडनी अशक्त असेल तर पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालतं. एखाद-दुसऱ्या सांध्याला वरून लावायचं जेल चालतं, कारण त्यातलं फार थोडं औषध रक्तात उतरतं. शेक, विश्रांती आणि व्यायाम हे तर असतातच.

याहून वाईट प्रकार म्हणजे बाजारात, यात्रेत, ओळखीच्या ओळखीने मिळणारी बिननावाची पुडी. 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही' असं सांगून ती देतात. ती घेतल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस उड्या मारू लागला, तर तिच्यात स्टेरॉइड आहे असा संशय घ्यावा. इतक्या लवकर एवढा गुण जडीबुटीने येत नाही. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तिशी-चाळिशीतच खुबा बदलायची वेळ येते. अशी पुडी अनेक महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नये. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं तोवर थांबलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावं, ते मात्रा उतरवत नेतात.

दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचं तेल लावणं, तापल्या विळ्याने डाग देणं हे प्रकारही अजून आहेत. बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो, फोड येतात, जखम चिघळते. त्या आगीपुढे गुडघ्याचं दुखणं तात्पुरतं जाणवत नाही, एवढाच त्याचा गुण. निरगुडीचा पाला गरम करून शेकणं यात काही वावगं नाही. ऊब स्नायूला सैल करते.

सांध्यांकडे येऊ. खेड्यांतल्या सांधेदुखीचा व्यवस्थित अभ्यास महाराष्ट्रातच झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं, गुडघा आणि कंबर सर्वांत पुढे. ज्याला आमवात म्हणतात तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात दर हजारात साधारण पाच जणांना निघाला. याचा अर्थ सरळ आहे: गावातल्या बहुतेकांचं दुखणं झिजेचं आणि कष्टाचं असतं, पण त्यातच मोजकी माणसं अशी असतात की त्यांना वेळेत ओळखलं नाही तर हात कायमचे वाकडे होतात.

ओळखायची खूण पहाट. झिजेच्या गुडघ्याला सकाळी जखडण असते ती दहा-पंधरा मिनिटांची, आणि दुखणं संध्याकाळी, कामानंतर वाढतं. आमवातात सकाळी हाताची मूठ तासभर आणि जास्तही वळत नाही, दोन्ही हातांच्या बोटांचे मधले आणि बुडाचे सांधे सुजतात, चालतं-फिरतं झाल्यावर बरं वाटतं. तरुण मुलाची कंबर पहाटे जखडत असेल, पडून राहिल्यावर वाढून कामाला लागल्यावर कमी होत असेल, तर तो मणक्याचा वात असू शकतो. 'इतक्या लहान वयात कसली कंबरदुखी' म्हणून त्याला हसू नये.

चिकुनगुनिया आमवाताचं सोंग घेतो. महाराष्ट्रात त्याची एक साथ १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेली, मग तीन दशकं तो जवळपास विसरला गेला, आणि २००५-०६ मध्ये राज्यभर पसरला. ताप पाच दिवसांत जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन्‌महिने दुखतात. ताप असेपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल घ्यावं. तोच ताप डेंग्यूचा निघाला तर बाकीच्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो. पायाच्या अंगठ्याचं बूड एका रात्रीत लालभडक सुजलं तर युरिक अॅसिडचा वात. तो किडनीच्या रुग्णांत जास्त आढळतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातलं फ्लोराइड जास्त असल्याने मान आणि कंबर लाकडासारखी ताठ होते, तिथे औषध म्हणजे पाणी बदलणं. एकच सांधा सुजून गरम झाला आणि सोबत ताप असेल तर त्यात पू असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाठीच्या एकाच मणक्यात रात्री दुखतंय, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचं औषध फुकट मिळतं आणि तो बरा होतो.

आमवातावर आज चांगली औषधं आहेत. मेथोट्रेक्सेट त्यात मुख्य. ते स्वस्त आहे आणि योग्य देखरेखीत वर्षानुवर्षं घेता येतं. एकच गोष्ट चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावी: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, वार ठरवून. चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येऊन, रक्तपेशी घटून माणसं दगावली आहेत. किडनीचं काम मंदावलेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

झिजलेल्या गुडघ्यासाठी सगळ्यांत गुणकारी उपाय बिनपैशाचा आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला सावरतो. दुखतं म्हणून चालणं सोडलं की तो सुकतो, तो सुकला की गुडघा आणखी दुखतो. खाटेच्या किंवा ओट्याच्या कडेला बसावं, पाय लोंबते सोडावेत. एक पाय हळूहळू सरळ करावा, पंजा आपल्याकडे ओढावा, मांडी दगडासारखी घट्ट होईल. दहा अंक मोजावेत, मग तितकाच हळू खाली आणावा. झटका द्यायचा नाही. एका पायाचे दहा, दुसऱ्याचे दहा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात मांडी दुखेल, ते चालेल. दीड-दोन महिने सोडलं नाही तर जिना चढताना फरक जाणवतो. वजन जास्त असेल तर एक किलो कमी केल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

'चाललं की वाटी घासते' हे खरं नाही. शेगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालखीत साठी ओलांडलेली माणसं सुमारे सातशे किलोमीटर चालतात. सपाट जमिनीवरचं चालणं गुडघ्याला मानवतं. त्याला सोसत नाही ते तासन्‌तास उकिडवं बसणं. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. निंदणाला बसायला चार इंची लाकडी पाट दोरीने कमरेला बांधून नेला, तासातासाने उठून दहा पावलं टाकली, घरी कमोडची खुर्ची घेतली, तर औषधाइतका फरक पडतो. पाटावर बसून निंदणाऱ्या बाईला 'लाडावली' म्हणणारा मुकादम तिच्या गुडघ्याचा शत्रू आहे.

आयुर्वेदाबद्दल विचारलं जातं. डॉ. चोप्रा यांच्याच पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेवर सुंठ, गुळवेल, आवळा, गुग्गुळ, शल्लकी अशांची मिश्रणं ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब या औषधांशी ताडून पाहिली गेली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुण जवळपास सारखा आला. काहींच्या रक्तात यकृताचं एन्झाइम वाढलेलंही दिसलं. म्हणजे ही औषधंच आहेत, त्यांना गुण आहे तसा दोषही आहे. शिकलेल्या वैद्याकडून, नाव-घटक छापलेल्या डब्यातून घ्यावीत.

एवढं सगळं करूनही रात्री झोप लागत नाही, गुडघा बाहेर वाकला आहे, घरातल्या घरात फिरणं जड झालं आहे, अशा वेळी सांधा बदलायचा विचार करावा. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेखाली कोणत्या रुग्णालयात काय होतं, हे जिल्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या दहा महाविद्यालयांपैकी एक आहे. तिथले अस्थिरोग आणि भौतिकोपचार विभाग भक्कम झाले, तर अकोला-संभाजीनगरच्या खेपा कमी होतील.

ऑपरेशनआधी सर्जनला एक प्रश्न स्पष्ट विचारावा: नंतर मला खाली बसता येईल का? बहुतेक कृत्रिम गुडघ्यांवर मांडी घालून किंवा उकिडवं बसायला मनाई असते. निंदणावर आणि सोंगणीवर पोट असलेल्या बाईसाठी हा प्रश्न मजुरीचा आहे, म्हणून तिच्या नवऱ्याने आणि मुलांनीही तो ऐकायला हजर राहावं. घरात कमोड, उंच खाट आणि चुलीऐवजी उभ्याने स्वयंपाकाचा ओटा यांची सोय ऑपरेशनच्या तारखेआधी करून ठेवावी. नंतरचे सहा आठवडे व्यायाम करून घ्यायला कोण थांबणार, तेही आधीच ठरवावं. शक्यतो तारीख उन्हाळ्यातली घ्यावी, म्हणजे पेरणीपर्यंत ती काठीशिवाय चालू लागलेली असेल.